बूट इयत्तेवर नव्हे, पावलावर घ्या : शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका शाळांच्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि सर्व मुख्याध्यापक

विषय : विद्यार्थ्यांच्या बूट-मोज्यांची खरेदी आणि वापर

सप्रेम नमस्कार.

आम्ही मुलांच्या पायांच्या तक्रारी तपासणारे फिजिओथेरपिस्ट, अस्थिरोगतज्ज्ञ आणि पादत्राणे तयार करणारे कारागीर आहोत. राज्य सरकारने २०२३ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे मोफत द्यायचे ठरवले. प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये दर ठेवला आणि खरेदी तुमच्या समितीकडे सोपवली. निर्णय योग्यच होता. शेताच्या बांधावरून, पाणंदीतून, रस्त्याच्या कडेने चालत येणाऱ्या मुलाच्या पायात काहीतरी असायलाच हवे. आमचा आक्षेप खरेदीच्या पद्धतीला आहे. पुरवठादार विचारतो, पहिलीचे किती, दुसरीचे किती? शाळा पट सांगते. मग खोकी येतात, वाटप होते, फोटो निघतो. या सगळ्यात मुलाचे पाऊल कोणीच मोजलेले नसते.

एकाच वर्गातल्या मुलांच्या पावलांत बुटाच्या चार-पाच नंबरांचा फरक सहज असतो. आपल्याकडच्या बुटांवर बहुधा इंग्लिश नंबर असतो आणि त्यातला एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. चार नंबर म्हणजे जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर. असे असताना 'तिसरी म्हणजे बारा नंबर' असे धरून चाललो, तर वर्गातल्या काही मुलांची बोटे वर्षभर बुटात दुमडलेली राहतात आणि काहींची पावले बुटात मागेपुढे घसरत राहतात.

आखूड बूट मुलाला दुखेल आणि ते आपणहून सांगेल, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे होत नाही. लहान मुलाच्या पावलात कूर्चेचा, म्हणजे अजून मऊ असलेल्या हाडाचा, भाग मोठा असतो. हाडे पूर्ण घट्ट व्हायला कुमारवय सरत येते. कूर्चा दाबली तर ती लगेच ठणकत नाही, ती दाबाप्रमाणे वळते. म्हणून दुसरीतल्या मुलीला "बूट टोचतो का गं?" असे विचारले की ती मान हलवून नाही म्हणते, आणि मोजा काढून पाहावे तर करंगळी शेजारच्या बोटाखाली गेलेली असते. विचारून भागणार नाही. मोजावेच लागेल.

मोजणे अवघड नाही. दोन माणसे लागतात, चाळीस मुलांचा वर्ग तासाभरात होतो आणि सामान म्हणून ए-फोर कागद, पेन्सिल, पट्टी आणि चिकटपट्टी पुरते. फरशीवर भिंतीला टेकवून कागद चिकटवा. मुलाला मोजे घालून त्यावर उभे करा, टाच भिंतीला लागलेली, वजन दोन्ही पायांवर. बसलेल्या मुलाचे पाऊल मोजू नका, कारण उभे राहिल्यावर कमान थोडी खाली येते आणि पाऊल काही मिलिमीटरने लांबते. शक्य असेल तर मधल्या सुट्टीनंतर मोजा, सकाळपेक्षा दुपारी पाऊल किंचित फुगलेले असते. पेन्सिल अगदी सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ ओढा. पेन्सिल आत तिरपी झाली तर माप कमी येते, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मग भिंतीपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, बऱ्याच मुलांचे दुसरे बोट पुढे असते. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचे माप धरा. शेवटी चवड्याची रुंदी, म्हणजे अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंतचे अंतर, लिहून ठेवा. हा रेखाटलेला कागद फेकू नका. त्याचा उपयोग पुढे आहे.

मापात बारा मिलिमीटर मिळवा. बुटाची आतली लांबी इतकी हवी. बारा का, तेही सांगतो. चालताना पाऊल बुटात पुढे सरकते आणि लांबते, त्यासाठी सहा-सात मिलिमीटर लागतात. उरलेले पाच-सहा वाढीसाठी. प्राथमिक शाळेतल्या मुलाचे पाऊल वर्षाला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढते, त्याहून लहान मुलांचे आणखी वेगाने. म्हणजे जूनमध्ये नेमका बसलेला बूट जानेवारी-फेब्रुवारीत आखूड होऊ लागतो. ज्या वर्षी बूट मिळाला त्याच वर्षी तो अपुरा पडणार, हे गृहीत धरूनच नियोजन करायला हवे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरी मोजणी ठेवा. पहिली-दुसरीसाठी ती अजिबात टाळू नका.

यावर पालकांचा आणि कित्येकदा समितीचाही उपाय ठरलेला असतो : दोन नंबर मोठाच घ्या, वाढत्या अंगाचे मूल आहे. या सवयीमागे पैशांची ओढाताण असते, ती आम्हाला समजते. पण मोठ्या बुटाचे नुकसान आखूड बुटाहून कमी नसते. बुटाचा सोल एका ठरावीक रेषेवर वाकेल असा बनवलेला असतो आणि ती रेष बोटांच्या मुळाशी यावी लागते. बूट दोन नंबर मोठा असला की ती रेष बोटांच्या टोकांकडे जाते. पाऊल एका जागी वाकते, बूट दुसऱ्या जागी. मग मूल बूट पायात टिकवायला बोटे आत वळवून धरते, पाऊल फरफटवते, टाच वरखाली घासून फोड येतो आणि जिन्यावर बुटाचे टोक अडकून ते पडते. पुढे कापूस किंवा कागदाचा बोळा कोंबल्याने रिकामी जागा भरते, वाकण्याची रेष मात्र चुकीच्या जागीच राहते. तेव्हा बारा मिलिमीटर, फार तर पंधरा. त्याहून जास्त नको.

आता नंबरांविषयी, कारण पुरवठादाराशी बोलताना घोळ इथे होतो. इंग्लिश पद्धतीत मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून मोजणी सुरू होते. 'एक नंबर' असे नुसते सांगितले तर दुकानदार वेगळेच काही समजू शकतो. हिशेबाने मुलांचा दहा नंबर म्हणजे १८६ मिलिमीटर, अकरा म्हणजे १९५, बारा म्हणजे २०३, तेरा म्हणजे २१२ आणि त्यानंतरचा मोठ्यांचा एक म्हणजे २२०. युरोपीय नंबर लिहिलेला असेल तर त्याला ६.६७ ने गुणा : तीस नंबर म्हणजे २०० मिलिमीटर. समजा एका मुलाचे पाऊल १८८ मिलिमीटर भरले. त्यात बारा मिळवून २०० झाले, म्हणजे इंग्लिश बारा किंवा युरोपीय तीस. पण हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात एकाच नंबरचे दोन कारखान्यांचे बूट आतून सात-आठ मिलिमीटरने वेगळे निघतात. म्हणून मागणी नंबरात न देता मिलिमीटरमध्ये द्या : 'आतली लांबी २००, इतक्या जोड्या, आतली लांबी २०८, इतक्या जोड्या'.

माल आल्यावर तपासायची युक्ती सोपी आहे. जाड पुठ्ठ्याची एक सेंटिमीटर रुंद पट्टी पावलाची लांबी अधिक बारा इतकी कापा, टोक गोल करा आणि बुटात टाचेपर्यंत सरकवा. पट्टी वाकली तर बूट आखूड. पट्टीमागे तीन मिलिमीटरहून जास्त जागा उरली तर मोठा. इनसोल निघत असेल तर तो बाहेर काढून मुलाला त्यावर उभे करा, सगळे डोळ्यांना दिसते. बुटावरून अंगठ्याने दाबून पाहण्याची आपली पद्धत फसवी आहे. पुढचा भाग कडक असेल तर काही कळत नाही, आणि दाबताच मूल बोटे आत ओढून घेते.

लांबीइतकेच महत्त्व पुढच्या भागाच्या आकाराला आहे. मुलाचे पाऊल बोटांपाशी सर्वांत रुंद असते आणि बहुतेक स्वस्त काळा बूट नेमका तिथेच निमुळता होतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात लाखभर भारतीयांची पावले त्रिमितीय पद्धतीने मोजली. आपली पावले युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सरासरीने रुंद असल्याचे त्यात दिसले आणि त्या मापांवरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती मांडली गेली. आज तुमच्या शाळेत येणारा बूट मात्र जुन्याच साच्यावर चढवलेला असण्याची शक्यता अधिक. म्हणून मघाचा रेखाटलेला कागद कापून बुटाच्या तळाखाली धरा. कागद बोटांच्या बाजूने सोलबाहेर डोकावत असेल, तर लांबी कितीही बरोबर असली तरी तो बूट त्या पावलाचा नाही. नमुना पसंत करण्याआधीच हे करा. पाच-सहा वेगवेगळ्या मुलांचे कागद घेऊन दुकानात जा आणि प्रत्येक नमुन्याखाली धरून पाहा. अरुंद बुटाने करंगळीवर कुरूप होते, अंगठ्याचे नख कडेने मांसात रुतते आणि ज्या घरात अंगठ्याचा सांधा बाहेर येण्याची प्रवृत्ती आहे तिथे ती लवकर दिसू लागते. (नख रुतण्याचे आणखी एक कारण म्हणजे ते गोल, खोलवर कापणे. पायाचे नख आडवे सरळ कापायचे असते, हे परिपाठात एकदा सांगून टाका.)

सोलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कमी दराच्या बुटात सर्वाधिक तडजोड तिथे झालेली असते. हे बूट बहुधा रेक्झिनचे अप्पर आणि साच्यात ओतलेला पीव्हीसीचा सोल असे असतात. पीव्हीसी टिकते आणि पाण्याने खराब होत नाही, पण ते जड असते, थंडीत कडक होते आणि ओल्या शहाबादी फरशीवर घसरते. नमुना हातात आला की टाच एका हातात धरा आणि टोक टेबलावर दाबा. बूट बोटांच्या मुळाशी, म्हणजे टाचेपासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर, सहज वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर त्याला ताकद नाही. वाकलाच नाही तर तो मुलाच्या चालण्याला अडथळा आहे, कारण पाऊल उचलताना बोटांच्या मुळाशी होणारी हालचाल थांबते. मग मूल पाय थोडा बाहेर फिरवून किंवा अख्खे पाऊल उचलून चालते, पोटऱ्या लवकर थकतात आणि टाच बुटातून सुटून घासत राहते. टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी पट्टीने मोजा. दोन्हींतला फरक दहा मिलिमीटरच्या आत असावा. तळाला दोन-तीन मिलिमीटर खोल खाचा हव्यात. टाचेमागची पट्टी दोन बोटांनी दाबली तर लगेच चेपू नये. आत हात घालून शिवणीचे गोळे, गोंदाचे थर, खिळ्याचे टोक लागते का पाहा. आणि किराणा दुकानाच्या काट्यावर एक बूट ठेवा. पहिली-दुसरीच्या मुलाचा एक बूट दोनशे ग्रॅमच्या वर गेला तर दुसरा नमुना मागा.

मुलींच्या बुटांबद्दल आम्हाला विशेष तळमळीने लिहायचे आहे. अनेक शाळांत मुलांना नाडीचे किंवा वेल्क्रोचे बूट आणि मुलींना बेली देतात. बेलीला ना नाडी, ना पट्टा. ती पायात टिकते ती केवळ बोटांना आणि टाचेला घट्ट आवळून, म्हणून ती आखूडच घेतली जाते. जरा सैल झाली की पळताना सुटते, आणि ती सुटू नये म्हणून मुलगी बोटे आकसून चालते किंवा पळायचेच सोडते. खो-खोच्या तासाला मैदानाच्या कडेला बसलेल्या मुलींच्या पायांकडे एकदा पाहा. बेलीचा सोल बहुधा पाच-सहा मिलिमीटरचा असतो, टाचेला आधार नसतो. हा फरक कोणत्याही नियमाने सांगितलेला नाही, तो सवयीने चालत आला आहे. मुलींना मुलांसारखाच बूट द्या. वेगळा हवाच असेल तर पावलाच्या वरच्या भागावर बकल किंवा वेल्क्रोचा रुंद पट्टा असलेला द्या. बेलीचे दरपत्रक स्वीकारूच नका. तुमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, तेव्हा हा ठराव एका बैठकीत होऊ शकतो.

आता पावसाळा. शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर, विदर्भात थोडी उशिरा, आणि बूट वाटले जातात तेव्हाच. म्हणजे बंद काळा बूट आणि नायलॉनचा मोजा घालायची सुरुवात आपण वर्षातल्या सर्वांत ओल्या महिन्यांत करतो. कोकणात, घाटमाथ्यावर, मावळात, मुंबईच्या सखल भागात मूल शाळेत पोचते तेच भिजलेल्या बुटात. ते पाच-सहा तास तसेच बसते. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या मधली कातडी पांढरी पडते, भेगाळते, खाज सुटते. चिखल्या झाल्या की त्या फटींतून पुढचा जंतुसंसर्ग शिरतो. भातशेतीच्या आणि पूर येणाऱ्या भागात लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही अशाच भेगा-जखमांतून शरीरात जातात. भिजलेला बंद बूट वाळायला चोवीस तासांहून जास्त लागतात, आणि मुलाकडे दुसरी जोडी नसते.

म्हणून आमची पहिली ठोस मागणी : जून ते सप्टेंबर बंद बुटाची सक्ती उठवा. या काळात टाचेमागे पट्टा असलेली, पुढून उघडी किंवा जाळीदार, पाणी वाहून जाईल अशी सँडल मोज्यांशिवाय चालेल, असे सूचना फलकावर लिहा. नुसती स्लीपर नको. तिला मागे पट्टा नसल्याने ती चिखलात रुतून राहते, मूल तोंडावर पडते, आणि पळताना ती बोटांनी धरून ठेवावी लागते. ज्या शाळांची खरेदी अजून व्हायची आहे त्यांनी जूनमध्ये सँडल आणि दिवाळीनंतर बूट असा क्रम ठेवता येतो का, ते गटशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून पाहावे. बूट दिवाळीनंतर घेतला तर तो कोरड्या दिवसांत वापरला जाईल आणि वर्ष संपेपर्यंत मापातही राहील.

बूट भिजलाच तर इनसोल काढा, नाडी सैल करून जीभ वर ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन-तीन तासांनी बदला. चुलीशेजारी ठेवू नका. उष्णतेने गोंद सुटतो आणि पीव्हीसी आकसते, काल मापाचा असलेला बूट आज घट्ट होतो. चिखल्यांसाठी रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कापडाने टिपून कोरड्या करणे हा मुख्य उपाय आहे. पावडरचे थर नकोत, ते ओले होऊन गोळे बनतात. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

मोज्यांकडे खरेदीत कोणाचेच लक्ष नसते. निव्वळ नायलॉन घाम शोषत नाही, निव्वळ सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो. साठ-सत्तर टक्के सूत आणि उरलेला कृत्रिम धागा हे मिश्रण बरे. मोज्यालाही माप असते : आखूड मोजा बोटे तशीच वाकवतो जशी आखूड बूट. काढल्यावर पोटरीवर खोल वळ उमटत असेल तर इलॅस्टिक घट्ट आहे.

अनवाणी पायांविषयी आपल्याकडे दोन टोके दिसतात : एक तर ते गरिबीचे लक्षण म्हणून टाळायचे, नाहीतर निसर्गाच्या नावाने त्याचा गौरव करायचा. पुरावा काय सांगतो ते पाहू. भारतातल्याच २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे घालणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक, चप्पल-सँडल घालणाऱ्यांत कमी. पायाची कमान तळव्यातल्या छोट्या स्नायूंच्या आणि अस्थिबंधांच्या जोरावर उभी राहते, आणि लहानपणी या स्नायूंना काम मिळाले नाही तर ते दुबळे राहतात, असा याचा अर्थ आम्ही लावतो. दुसरीकडे, शेतातून अनवाणी येणाऱ्या मुलाच्या तळव्यातून आकडीकृमी शरीरात शिरतात आणि रक्तक्षय होतो. शाळेत जंतनाशक गोळी देऊनही पाय उघडेच राहिले तर लागण पुन्हा होते. सर्पदंशही बहुतांश पायांवरच होतात, आणि पावसाळ्यात अधिक.

यातून मार्ग साधा आहे. येता-जाता पायात पादत्राण हवे, शाळेत पोचल्यावर ते जितका वेळ काढून ठेवता येईल तितके चांगले. वर्गाबाहेर चपला-बूट काढून सतरंजीवर बसण्याची मराठी शाळांची पद्धत पायांसाठी उत्तम आहे, ती जपा. ज्या शाळांत बाक आले आणि त्यासोबत दिवसभर बूट घालून बसायचा नियम आला, त्यांनी तो शिथिल करावा. बूट ठेवायला वर्गाबाहेर एक साधी फळी ठोका. बूट पालथे न ठेवता उभे ठेवले तर विंचू शिरण्याचा धोका राहतो, म्हणून घालण्याआधी बूट झटकायची सवय मात्र लावावीच लागेल. लंगडी, कबड्डी, खो-खो मातीच्या मैदानावर अनवाणी खेळू द्या, पण आधी मोठ्या मुलांची रांग करून मैदान चालून घ्या : काच, खिळे, बाभळीचे काटे, सराटे वेचा. मार्च-एप्रिलच्या दुपारी मराठवाड्यात-विदर्भात तापलेल्या मैदानावर हे अर्थातच करायचे नाही. डांबरी रस्त्यावर प्रभातफेरी असेल तर बूट हवेच.

खेळाच्या तासासाठी काळा बूट कधीच योग्य नाही. जुना पांढरा कॅनव्हासचा बूट, ज्याला आपण पीटी शू म्हणतो, तो आमच्या मते त्याहून पुष्कळ चांगला आहे : हलका, वाकणारा, टाच जवळजवळ सपाट, तळ रबरी. त्याचा दोष एवढाच की तो पाणी पितो आणि उशिरा वाळतो. १७० रुपयांच्या मर्यादेत कडक काळा बूट आणि मापाचा कॅनव्हास बूट यांतून निवडायचे असेल तर कॅनव्हास निवडा. काळाच रंग हवा असेल तर तो काळ्या कापडातही मिळतो.

आठ ते चौदा वर्षांची खेळकर मुले टाच दुखते म्हणून लंगडतात, तेव्हा शिक्षकांना ते खेळ टाळण्याचे निमित्त वाटते. टाच दोन्ही बाजूंनी दोन बोटांत धरून दाबा. मूल कळवळले तर बहुधा टाचेच्या वाढीच्या कूर्चेला सूज आहे. पाचवी-सहावीच्या वयात ती सर्रास दिसते, आणि झिजलेल्या, कडक तळाच्या बुटात किंवा सिमेंटवर धावण्याने वाढते. काही आठवडे धावणे-उड्या कमी करणे, टाचेखाली सहा-आठ मिलिमीटरची मऊ गादी आणि पोटरीचे ताण देणारे व्यायाम, एवढ्याने बहुतेक मुले बरी होतात. गादी दोन्ही बुटांत घाला, एकाच नव्हे.

सपाट पायांबद्दल पालकांना विनाकारण घाबरवले जाते आणि महागडे 'मेडिकल' बूट विकले जातात. मुलाला चवड्यांवर उभे राहायला सांगा. तेव्हा कमान दिसली तर पाय लवचीक आहे. सहा-सात वर्षांपर्यंत, कित्येकदा त्यानंतरही, हे सामान्यच असते आणि दुखत नसेल तर कोणत्याही खास बुटाची गरज नाही. तसल्या बुटाने कमान तयार होत नाही. मात्र एकच पाय सपाट असेल, पाऊल ताठर असेल, दुखत असेल, किंवा मूल सतत चवड्यांवरच चालत असेल, तर डॉक्टरांकडे पाठवायलाच हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्याचे पथक दरवर्षी तुमच्या शाळेत येते. मोजणीची वही त्यांच्यापुढे ठेवा आणि अशी मुले त्यांना आवर्जून दाखवा.

जन्मतः वाकड्या पावलावर उपचार झालेली, पायाला आधार देणारा कॅलिपर वापरणारी, किंवा दोन पायांत एका नंबराहून जास्त फरक असलेली मुले मोजणीत आपोआप लक्षात येतील. त्यांना दोन वेगळ्या नंबरांचे बूट मिळाले पाहिजेत आणि गणवेशातल्या बुटाच्या नियमातून लेखी सूट मिळाली पाहिजे.

पुरवठादाराकडून दरपत्रक मागवतानाच काही अटी घाला. आतली लांबी मिलिमीटरमध्ये. प्रत्येक लांबीची नमुना जोडी आधी. न बसलेली जोडी पंधरा दिवसांत बदलून. एकूण जोड्यांच्या पाच टक्के वेगवेगळ्या मापांच्या जादा जोड्या शाळेत ठेवायच्या, पैसे वापरलेल्यांचेच. नाडी, वेल्क्रो किंवा बकल अनिवार्य. नमुना पसंत करताना गावातल्या चर्मकाराला बैठकीला बोलवा. कुठली शिवण महिन्यात उसवेल आणि कुठला सोल कडेने टाके घालून वर्ष काढेल, हे त्यांना हात लावताच कळते. आखूड झालेले बूट धाकट्यांना देण्याची व्यवस्था शाळेतच करता येते, पण देताना तळ पाहा : एका बाजूने जास्त झिजलेला बूट दुसऱ्या मुलाला देऊ नका, ते मूल त्या झिजेप्रमाणे कलून चालेल. बाकीचे धुऊन, वाळवून, नवा इनसोल घालून द्यायला हरकत नाही.

शालेय शिक्षण विभागाकडेही या पत्राद्वारे तीन गोष्टी मागतो. पहिलीच्या छोट्या बुटाला आणि आठवीच्या मोठ्या बुटाला एकच दर, तोही मोज्यांसकट, ही रचना बदला. १७० रुपयांत कपात होते ती अस्तर, इनसोल आणि सोल यांतच. समितीला बुटाऐवजी पट्ट्याची सँडल घेण्याची मुभा लेखी द्या, म्हणजे लेखापरीक्षणात मुख्याध्यापक अडचणीत येणार नाहीत. आणि पावलांची मोजणी शाळा पूर्वतयारी मेळाव्यात उंची-वजनाबरोबरच करून घ्या, म्हणजे खरेदीची मागणी जाण्याआधी मापे हातात असतील.

यंदाच्या मेळाव्यापूर्वी समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपले नम्र,
मुलांच्या पायांवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट, अस्थिरोगतज्ज्ञ आणि पादत्राण कारागीर

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन